राहून गेलेली गौर

दगडांसाठी पेटी करून हवी म्हटल्यावर भागोजी सुतार माझ्याकडे बघतच राहिला. कानावरची विडी काढलीन, तिच्याकडे बघितलंन, परत कानावर ठेवलीन.

"अण्णा, दगडांना पेटी?"

"हो. पाच दगड आहेत. प्रत्येकाला वेगळा खण, ज्याच्या त्याच्या मापाचा. आणि झाकण असं बसलं पाहिजे की वारासुद्धा आत शिरता कामा नये."

"दगडांना काय कसर लागते, का उंदीर खातात?"

"तुला पेटी करायची आहे की माझी उलटतपासणी घ्यायची आहे? नाही म्हण, मी दुसरा बघतो. रत्नागिरीत सुतारांचा काही दुष्काळ नाही."

दुष्काळ नव्हता, पण माझी असली कामं ऐकून घेणारा दुसरा कुणी नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. भागोजीनं फणसाची फळी निवडलीन. मी पाचही खड्यांची मापं काढून नेली होती, लांबी, रुंदी, जाडी. जन्म मोजणी खात्यात गेला माझा. माणूस रिटायर होतो, मोजायची खोड काही रिटायर होत नाही.

ते दगड म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यात गौर मुखवट्याची नसते, खड्यांची असते. भाद्रपदात घरातल्या बाईनं पऱ्यावर जायचं. पऱ्या म्हणजे ओढाच, आमच्या परटवण्यात घरामागूनच वाहतो. तिथले पाच खडे उचलून तबकात घ्यायचे आणि तोंडात पाण्याची चूळ धरून घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, कुणी मागून हाक मारायची नाही. दारात पाय धुऊन हळदकुंकू लावून ती गौर घरात घ्यायची, दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचं जेवण घालायचं, आणि तिसऱ्या दिवशी परत तसंच, न बोलता, नेऊन पऱ्यात सोडायची. झालं. माहेरवाशीण आली, जेवली, गेली.

विमल, म्हणजे माझी बायको, एरवी गप्प बसेल तर शपथ. वर्षातली तेवढीच काय ती वाट ती न बोलता चालायची आणि मी मुद्दाम फाटकात उभा राहायचो, थट्टेनं अहोजाहो करत. "काय हो, साखर संपलीय का घरात? बोला की! राग आलाय का?" ती गाल फुगवून डोळे वटारायची. एका वर्षी फसकन हसली आणि सगळी चूळ माझ्या धोतरावर. परत पऱ्यापर्यंत जाऊन यावं लागलं बिचारीला. त्या दिवशी मला दुपारचा चहा मिळाला नाही.

तर शहाऐंशी साली गौर जेवली त्याच दुपारी विमल गेली. सगळ्यांची पानं झाली, स्वतः जेवायला बसली, "मला जरा कसंतरीच होतंय हो" म्हणाली आणि भिंतीला टेकली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. घावन तिच्या पानात तसाच.

घरात सुतक. गणपती शेजारच्या परशुरामानं नेऊन विसर्जन केलान. पण गौर आमच्याकडे गणपतीजवळ बसत नाही, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात बसते. त्या गडबडीत तिची आठवण कुणालाच झाली नाही. चूल बंद, येणारी जाणारी माणसं, नागपूरला मुलीला तार. आमची एकुलती एक मुलगी उलका. ती कोल्हापूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढे आंबा घाटातून एस.टी.नं येऊन पोचली, तोवर स्मशानातली राखसुद्धा निवली होती. आईचं तोंड तिला बघायला मिळालं नाही.

दिवसवार झाले, उलका परत गेली, घरात मी उरलो. एका सकाळी चहाची पूड शोधताना कोनाड्यात हात घातला तर तबक हाताला लागलं. वर सुकलेली पत्री, खाली पाच खडे. उचलून टाकणार होतो, खरं सांगतो. पण खिडकीपाशी नेले आणि बघितलं तर खड्यांवरचं हळदकुंकू तसंच होतं. ओल्या खड्याला ओल्या बोटानं लावलेलं, सुकून घट्ट बसलेलं. आणि त्यात तिच्या बोटाच्या रेघा उमटल्या होत्या.

मी भिंग आणलं. नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेघा असतात ना, एकात एक, तशा. अनामिकेच्या. पाची खड्यांवर. वरच्या बाजूला एक बारीकसा छेद, विळीवर नारळ खवताना कापलं होतं त्याचा. विमलच होती ती. भिंतीवर फोटो आहे तिचा, हार घातलेला, पण त्यात ती दात काढायला बसवल्यासारखी बसलीय. तो कुणाचाही असू शकेल. हे बोट मात्र तिचंच.

मला रडू कोसळलं. चहा राहिला तो राहिलाच.

आता कोकणात राहून वस्तू टिकवायची म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारा. पावसाळ्यात चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी, देवाच्या तसबिरीत बुरशी. विमलचा शालू तिच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालूनसुद्धा घडीवर चिरला. कुंकू ते कितीसं टिकणार? एखादा पाऊस गेला की रेघा गेल्या. म्हणून मला पेटी हवी होती. भागोजीला हे सगळं सांगितलं नाही. दगडाला पेटी करणारा वेडा एकवेळ चालतो, बायकोच्या बोटाला पेटी करणारा गावात चालत नाही.

पण मालनवहिनींना कळलंच. परशुरामाची बायको. चैत्रात हळदीकुंकवाची आंब्याची डाळ द्यायला आल्या, नजर काचेच्या कपाटातल्या तबकाकडे गेली आणि तिथेच थांबली.

"भाऊजी, ही विमलवहिनींची गौर ना? गेल्या सालची? सोडली नाहीत?"

"नाही सोडली."

"अगोबाई! अहो, गौर अशी अडकवून ठेवतात का कुणी? माहेरवाशिणीला परत पाठवायलाच नको? वहिनींचा जीव अडकेल हो अशानं."

"वहिनींच्या जिवाचं मी बघतो. तुम्ही तुमच्या घरात कुणाकुणाचे जीव अडकलेत ते बघा."

फार लागलं त्यांना. पुढे आठवडाभर त्यांच्याकडनं ताक आलं नाही. मग आलं, आणि ताकाबरोबर तोच धोशा. "भाऊजी, मी नेऊन सोडते, तुम्ही येऊसुद्धा नका." कुंपणाशी दिसल्या की हेच. मी पण हटलो नाही. मला कुणाच्या जिवाला अडकवायचं नव्हतं हो. मला त्या रेघा हव्या होत्या, बस्स. सगळं घर देतो म्हटलं, पोफळी न्या, हापूसची कलमं न्या, एवढे पाच खडे तेवढे मला राहू द्या.

भागोजीनं पेटी मात्र नामी केलीन. प्रत्येक खण पटाशीनं कोरून काढलेला, खडा ठेवला की हलणार नाही. खाली मी सावरीचा कापूस घातला, कोपऱ्यात कोळशाच्या पुरचुंड्या ठेवल्या, ओल ओढून घ्यायला. मे महिन्याच्या कडक उन्हात पेटी दिवसभर तापवली, खडे ठेवले, एकदा भिंगातून बघून घेतले, आणि झाकणाच्या फटीला चारी बाजूंनी मेण लावून टाकलं. आता दिवाळीनंतर कोरडी हवा पडल्यावरच उघडायची. तोवर हात लावायचा नाही, बघायचा मोह धरायचा नाही. पेटी उघडली की ओल शिरली म्हणून समजा.

पेटी माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर असायची. पाऊस लागला. इथला पाऊस एकदा लागला की माणूस माणसाला दिसत नाही. दूध घातलंन की गवळी पळाला, पेपर फेकलान की पोरगा पळाला. दिवसच्या दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. मग मी पेटीशी बोलायला लागलो. काय बोलायचो? काहीही. "आज परत पिठलंच केलंय, नाक मुरडू नका." "मालनवहिनी काय म्हणाल्या ऐकलंत?" "पागोळीखालची बादली भरली बघा." कधी भांडायचो पण. विमल असती तर उलट बोललीच असती, त्यामुळे तिच्या वाटचं उत्तरही मीच द्यायचो. तुम्ही हसाल. हसा. झोपताना पेटीवर हात ठेवला की झोप लागायची, हे खरं आहे.

आणि भाद्रपद आला. तिथी तीच, म्हणून वर्षश्राद्ध नेमकं गौरीच्या दिवसांत आलं. घरात त्या साली सण नव्हताच. उलका चार दिवस रजा काढून आली. कशी वाळली होती पोर! आली ती आधी स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघितलेन, "अण्णा, तुम्ही जेवता तरी का हो?" म्हणून माझ्यावरच डाफरली. अगदी आईचा आवाज. मी आंघोळीला पळालो, नाहीतर तिच्यासमोरच डोळ्यांत पाणी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. गुरुजी गेले, पानं उचलली, परशुराम आणि मालनवहिनी जेवून गेली. दुपारी आम्ही दोघंच ओटीवर बसलो होतो. मी पेटी आणून मांडीवर घेतली.

"उलके, हे काय आहे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मालनकाकूंनी सांगितलं."

"त्या बाईच्या जिभेला हाड नाही. त्यांनी गौर म्हणून सांगितलं असेल. गौर नाही ही. यात तुझी आई आहे. तिच्या बोटाच्या रेघा आहेत, स्वच्छ, मी भिंगातून बघितल्यात. दिवाळीला ये, आपण दोघं मिळून उघडू. तुला तिचं तोंड बघायला मिळालं नाही ना? निदान बोट बघशील."

उलकेनं मान हलवलीन. होकाराची. पेटीवर ठेवलेल्या माझ्या हातावर तिनं हात ठेवलान आणि बराच वेळ तो काढलान नाही. मला फार बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं परतीचं तिकीट काढायला एस.टी. स्टँडवर गेलो. खिडकीशी रांग, आतला मनुष्य पान लावत बसलेला, मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानं मला सहा सुनावलेन. घरी येतो तो ओटीवर सामसूम. आत आलो, खाटेशेजारी बघतो तर पेटीचं झाकण उघडं. मेण बाजूला सोलून ठेवलेलं. खण पाची रिकामे.

तसाच मागच्या दारी धावलो.

आळीतल्या बायकांची पऱ्याकडे ये-जा चालली होती, गौरी सोडायचा दिवस होता ना. त्यांच्यात पुढे उलका. आईचं हिरवं लुगडं नेसलेली, हातात तबक, तबकावर रुमाल.

"उलके!" मी ओरडलो. "उलके, थांब! मागे फीर!"

तिनं मान वळवलीन नाही. कुंपणापलीकडून मालनवहिनी दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "भाऊजी, हाक मारू नका हो, पाया पडते तुमच्या."

"तुमचीच शिकवण ही!" म्हटलं आणि धावलो. या वयात, चप्पल न घालता, त्या खडबडीत कातळावरून. पऱ्याच्या अलीकडे पायवाट अरुंद होते, तिथे तिला गाठलं, पुढे जाऊन आडवा उभा राहिलो.

तिचे गाल फुगलेले. तोंडात चूळ. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हातांत तबक.

"कुणाला विचारून घेतलेस? काल मान हलवलीस ना? काल काय सांगितलं मी तुला? बोल!"

ती कशी बोलणार?

"थुंक ते पाणी आणि बोल! तुझी आई गेली तेव्हा तू नागपुरात होतीस. तुला नवरा आहे, पोरं आहेत, शेजारपाजार आहे. मला काय आहे? सकाळी उठल्यापासून कुणाला उठवायचं असतं मला? एवढंच होतं गं माझ्याकडे. बोटभर कुंकू. तेवढंसुद्धा राहू द्यायचं नव्हतं तुम्हाला?"

बायका लांब थांबल्या होत्या. कुणी पुढे येत नव्हतं. मी आणखीही पुष्कळ बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. जिला उत्तर देता येत नाही तिच्याशी भांडण किती वेळ चालणार? माझे शब्द संपले, तरी ती तशीच उभी होती.

मग तिनं तबक पुढे केलंन. माझ्या हाताला लागेल इतकं. घ्या, असं. मी रुमाल काढला.

पाची खडे धुतल्यासारखे स्वच्छ होते आणि त्यांच्यावर ताजं हळदकुंकू होतं. ओलं, लालभडक. रेघा होत्या, पण त्या उलकेच्या बोटाच्या. विमलचं कुंकू कुठेच नव्हतं. हळदकुंकू लावल्याशिवाय गौर पाठवायची नसते, पाच वर्षांच्या पोरीलाही हे कळतं. हिनंही तेच केलंन. वर्षभर मी ज्याला वारा लागू दिला नव्हता ते तिनं भक्तीनं पुसून टाकलंन.

"पुसलंस?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिनं मान खाली घातलीन.

आता ते खडे घेऊन मी काय करणार होतो? नुसते दगड. तसले दगड पऱ्यात पडलेत ढिगानं. मी रुमाल परत तबकावर घातला आणि वाट सोडली. ती पुढे गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. घरी जाऊन तरी कुणाकडे जायचं होतं?

पऱ्याला पाणी चांगलं होतं. उलका खाली वाकली, तबक पाण्याला लावलंन, तिरकं केलंन, आणि खडे गेले. आवाजसुद्धा झाला नाही. कुंकवाचा एक पट्टा पाण्यात दिसला न दिसला. मग तिनं चूळ टाकलीन, पदरानं तोंड पुसलंन आणि काठावर टेकली.

"अण्णा," ती म्हणाली, "मी पुसलं ते आईचं नव्हतं हो."

"म्हणजे?"

"पेटीत आईचं काहीच राहिलं नव्हतं. पाची खड्यांवर नुसती बुरशी होती. पांढरी, बोटभर. कापूसही काळा पडला होता. तुम्हाला तसं दिसायला नको म्हणून मी खडे धुतले, कापूस बदलला."

मीही काठावर बसलो. मेण लावून मी ओल बाहेर ठेवली म्हणत होतो. ती आतच होती.

"आज उघडलीस ना? आज सकाळी?"

"आले त्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मला आईचं बोट बघायचं होतं. मग मेण तापवून परत बसवलं तसंच."

"म्हणजे काल, मी यात तुझी आई आहे म्हटलं तेव्हा..."

"हो."

"तेव्हा ठाऊक होतं तुला."

"मग काय सांगायला हवं होतं मी? तुम्ही तिच्यावर हात ठेवून बसला होतात."

मागे बायकांची कुजबुज सुरू झाली होती, दुसरी कुणी गौर घेऊन आली होती. आम्ही सरकून तिला वाट दिली.

"उलके," मी म्हटलं, "मग पावसाळाभर मी कुणाशी बोलत होतो गं?"

उलका तबक पाण्यात धरून विसळत राहिली.